ब्लूमबर्ग टर्मिनलची लॅब सांभाळताना

पुण्यातल्या एका व्यवस्थापन महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी सहाय्यक ग्रंथपाल आहे. ब्लूमबर्ग टर्मिनल म्हणजे कंपन्या, शेअर, रोखे यांची जगभरची आर्थिक माहिती दाखवणारी वर्गणीची संगणकसेवा. आमच्या टर्मिनलच्या लॅबची जबाबदारी ग्रंथालयाकडे आहे, संगणक विभागाकडे नाही. हे आधी सांगते, कारण नव्याने टर्मिनल घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजात पहिला प्रश्न हाच निघतो. माझं मत असं की यंत्रं संगणक विभागाने दुरुस्त करावीत, लॅब मात्र ग्रंथालयाने चालवावी. टर्मिनल म्हणजे संदर्भ विभागातला ग्रंथ. तो घरी न्यायचा नसतो, सगळ्यांना पुरवून वापरायचा असतो, आणि कसा वाचायचा ते सुरुवातीला कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं.

व्यावसायिक ग्राहकाला एका टर्मिनलसाठी वर्षाला पंचवीस हजार डॉलरहून जास्त मोजावे लागतात. शिक्षणसंस्थांना सवलत मिळते, तरी रक्कम मोठीच असते. मग वस्तू महाग म्हणून खोलीला कुलूप, आणि तपासणी समिती आली की तेवढ्यापुरतं उघडायचं, असं काही ठिकाणी होतं. तिथल्या मुलांचं फार नुकसान होतं. लॅब रोज उघडी ठेवा. त्यासाठी काय काय करावं लागतं ते पुढे सांगते.

डाऊनलोडची मर्यादा आधी समजून घ्या

लॅबमध्ये खुर्च्या कमी पडतात असं सगळ्यांना वाटतं. खरी टंचाई असते ती डाऊनलोडची. टर्मिनलच्या पडद्यावर तुम्ही दिवसभर माहिती पाहिलीत तरी अडत नाही. पण एक्सेलमध्ये ओढलेला प्रत्येक आकडा मोजला जातो. दिवसाची एक मर्यादा, महिन्याची एक मर्यादा. दिवसाची संपली तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होतं. महिन्याची संपली तर महिना पालटेपर्यंत त्या यंत्रावर एक्सेलमध्ये काहीही उतरत नाही. कॉलेजातल्या सामाईक टर्मिनलवर ही मर्यादा विद्यार्थ्याच्या नव्हे, यंत्राच्या नावावर असते. म्हणजे एकाने एका दुपारी सगळी संपवली, तर त्यानंतर त्या खुर्चीवर बसणारे सगळे अडकतात.

ती संपते कशी, ते पाहा. एखादा मुलगा निफ्टी ५०० मधल्या सगळ्या कंपन्या घेतो, वीस फील्ड (म्हणजे महसूल, नफा असे माहितीचे रकाने) लावतो, दहा वर्षांची मागणी करतो आणि शीट सेव्ह करून जातो. दुसऱ्या दिवशी फक्त एक तक्ता बघायला तीच शीट उघडतो. सूत्रं जिवंत असल्यामुळे एक्सेल सगळे आकडे पुन्हा मागवतं आणि ते पुन्हा मोजले जातात. म्हणून आमच्या प्रत्येक यंत्राशेजारी एक कागद चिकटवलेला आहे: आधी पाच कंपन्यांवर करून बघा, बरोबर आलं तरच बाकीच्या जोडा, आकडे आले की सगळं निवडून कॉपी करा, पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा, आणि मगच फाइल बंद करा. यातलं कॉपी-पेस्टचं काम मी प्रत्येक तुकडीला स्वतः करून दाखवते. वाचून कुणी करत नाही, एकदा हाताने केलं की सवय लागते.

पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक यंत्र वेगळं ठेवा. त्यांची मागणी खरोखरच मोठी असते आणि ती रास्तही असते. आमच्याकडे कोपऱ्यातलं यंत्र त्यांचं. त्याची मर्यादा संपली तरी एम.बी.ए.च्या मुलांची बाकीची यंत्रं चालू राहतात. मोठं काम दोन महिन्यांत विभागून घ्यायला सांगा: थोडं महिनाअखेरीला, उरलेलं पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला.

टर्मिनल लागतंच का, हे विचारा

खुर्ची देण्याआधी मी प्रत्येकाला विचारते, "तुला नक्की काय शोधायचंय?" अर्ध्याअधिक वेळा उत्तर दुसरीकडे सापडतं. शेअरचे जुने बंद भाव हवे असतील तर एनएसई आणि बीएसईच्या संकेतस्थळांवर भावकॉपी, म्हणजे दिवसाच्या भावांची फाइल, फुकट मिळते. महागाई, पतपुरवठा, परकीय चलनसाठा यांच्या मालिका रिझर्व्ह बँकेच्या डेटाबेसवर आहेत. डॉलर-रुपयाचा संदर्भ दर जुलै २०१८ पासून एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था जाहीर करते. फक्त भारतीय कंपन्यांचा ताळेबंद, त्यातही शेअर बाजारात नसलेल्या कंपन्यांचा हवा असेल, तर सीएमआयई या संस्थेचा प्रोवेस हा डेटाबेस बरा. तिथे स्टँडअलोन (एकट्या कंपनीचे) आणि कन्सॉलिडेटेड (उपकंपन्यांसह) आकडे वेगवेगळे मिळतात.

टर्मिनलवर बसायचं ते परदेशी कंपन्यांशी तुलना करायला, विश्लेषकांचे अंदाज बघायला, रोख्यांचे परतावे आणि पतजोखीम अभ्यासायला, किंवा एखाद्या कंपनीचे पुरवठादार आणि ग्राहक कोण ते शोधायला. सीएफए रिसर्च चॅलेंज या विद्यार्थ्यांच्या कंपनी-विश्लेषण स्पर्धेचा संघ तयारीला लागला की त्याला आधी जागा द्या. त्यांचं काम टर्मिनलशिवाय अडतं. ब्लूमबर्ग मार्केट कन्सेप्ट्सचा अभ्यासक्रम मात्र ब्राउझरवर करता येतो. त्याचे व्हिडिओ बघत कुणी तासभर टर्मिनलची खुर्ची अडवून बसलं असेल तर त्याला वाचनकक्षात पाठवा.

यंत्रांची निगा

कॉलेजच्या इतर लॅबमध्ये यंत्र पुन्हा सुरू केलं की सगळं पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर असतं. टर्मिनलवर ते जसंच्या तसं लावू नका. ब्लूमबर्ग स्वतःला सतत अद्ययावत करतं. रात्री ते सगळं पुसलं गेलं की रोज सकाळी पुन्हा डाऊनलोड, आणि पहिल्या तासाची मुलं नुसती पडद्याकडे बघत बसतात. तसंच एका यंत्राची हुबेहूब प्रत दुसऱ्यावर टाकू नका. प्रत्येक टर्मिनलला स्वतःचा अनुक्रमांक असतो, त्यामुळे स्थापना प्रत्येक यंत्रावर वेगळीच करावी लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. यंत्रं बदलायची वेळ आली असेल तर सगळे अनुक्रमांक आधी वहीत उतरवून घ्या आणि ब्लूमबर्गला कळवून मगच हात घाला.

कॉलेजचं नेटवर्क हे दुसरं दुखणं. बऱ्याच ठिकाणी इंटरनेटसाठी ब्राउझरमध्ये नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो, आणि काही तासांनी ती मुदत संपते. ब्राउझरवाल्याला पुन्हा पान दिसतं, पण टर्मिनलची जोडणी काहीही न सांगता तुटते. या यंत्रांना केबलने जोडा, वाय-फाय नको, आणि फायरवॉलमधून त्यांना थेट वाट द्यायला सांगा. हे एकदा करून घेतलं की निम्म्या तक्रारी थांबतात.

सकाळी मुलं येण्याआधी पंधरा मिनिटं सगळी यंत्रं सुरू करा. बाजार सव्वानऊला उघडतो, तेव्हा पडदे तयार असावेत. यूपीएस प्रत्येक यंत्राला द्या. पिवळ्या बटणांच्या त्या खास कीबोर्डवर पाण्याची बाटली सांडली तर तो आणायला वेळ लागतो, म्हणून बाटल्या दाराबाहेरच्या रॅकवर. तोपर्यंत साध्या कीबोर्डवरही भागतं: एफ आठ म्हणजे इक्विटी, एफ दहा इंडेक्स, एफ अकरा करन्सी, एंटर म्हणजे गो, एस्केप म्हणजे कॅन्सल.

पहिल्यांदा बसणाऱ्याला काय शिकवायचं

लॉगिन प्रत्येकाचं स्वतःचं असावं. कॉलेजचा ईमेल, खरं नाव, आणि पडताळणीचा कोड येण्यासाठी हातात मोबाइल. मित्राच्या लॉगिनवर बसू देऊ नका. उठताना 'ओएफएफ' टाइप करून गो दाबायचं, म्हणजे लॉगआऊट होतं. हे राहिलं की पुढच्याचं काम आधीच्याच्या लॉगिनवर चालतं, आणि आपल्या नोंदीलाही अर्थ उरत नाही.

मग एक कंपनी. मी नेहमी टीसीएस घेते, कारण सगळ्यांना ओळखीची आहे. टीसीएस, जागा, आयएन, पिवळं इक्विटी, हिरवं गो. आयएन म्हणजे भारताचा एकत्रित भाव. आयएस लिहिलं तर एनएसई, आयबी लिहिलं तर बीएसई. पुढे 'डीईएस' म्हणजे कंपनीची ओळख, 'एफए' म्हणजे आर्थिक पत्रकं. एफएवर पोचलं की दरवर्षी कुणीतरी म्हणतंच, "मॅडम, हा आकडा दहापट दिसतोय." त्याच्या हातात वार्षिक अहवाल असतो. २०२३-२४ चा महसूल अहवालात २,४०,८९३ कोटी. पडद्यावर २४ लाखांच्या वर. दोन्ही बरोबर आहेत. पडदा दशलक्षात बोलतो, आणि एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. शिवाय स्वल्पविराम तीन-तीन अंकांवर पडतात, त्यामुळे आपल्या डोळ्याला आकडा पटकन वाचता येत नाही. एकक, चलन आणि वर्ष कधी संपतं, या तीन गोष्टी पडद्याच्या वरच्या भागात वाचल्याशिवाय एकही आकडा उतरवायचा नाही, हे मी तिथेच सांगते.

दुसरी अडचण जुन्या भावांची. एकाच यंत्रावर दोन मुलींनी टीसीएसचा एप्रिल २०१८ चा भाव काढला, तर एकीला दुसरीच्या दुप्पट मिळू शकतो. टीसीएसने त्या वर्षी एकास एक बोनस दिला, म्हणजे प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट, आणि मे अखेरीला भाव त्यामुळे निम्मा झाला. जुने भाव त्यानुसार निम्मे करून दाखवायचे की नाहीत, हे 'डीपीडीएफ' या पानावर ठरतं, आणि ते पान ज्याच्या-त्याच्या लॉगिननुसार वेगळं असतं. एक्सेलसुद्धा तीच निवड पाळतं. एका गटात काम करणाऱ्या सगळ्यांनी पहिल्याच दिवशी डीपीडीएफ उघडून खुणा सारख्या करून घ्याव्यात. परताव्याचा अभ्यास असेल तर भांडवली बदलांची खूण चालू हवीच. ती बंद राहिली तर बोनसच्या दिवशी शेअर निम्म्याने कोसळल्यासारखा दिसतो, आणि तेवढ्यावर पूर्ण निष्कर्ष चुकतो.

आणि हेल्प. ते बटण एकदा दाबलं तर त्या पानाची माहिती येते. दोनदा दाबलं तर ब्लूमबर्गचा माणूस गप्पांच्या खिडकीत हजर होतो, दिवसा-रात्री कधीही. मुलं यालाच घाबरतात, इंग्रजी चुकेल म्हणून. मी शेजारी बसते आणि चार गोष्टी लिहायला लावते: कोणती कंपनी, कोणतं फील्ड, कोणत्या तारखा, काय करून पाहिलं. उत्तर चांगलं येतं, पुष्कळदा तयार एक्सेल फाइलच येते. एकदा असं उत्तर मिळालं की ती मुलगी पुढच्या वेळी मला हाक मारत नाही. त्याचा मला आनंदच होतो.

एक्सेलमध्ये आकडे येत नसतील तर

सगळ्यात जास्त हाका याच कारणासाठी येतात. आधी टर्मिनलवर लॉगिन झालंय का पाहा. एक्सेल आधी उघडून लॉगिन नंतर केलं असेल तर एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. ब्लूमबर्गचा टॅबच दिसत नसेल, तर एक्सेलच्या पर्यायांतल्या ॲड-इन्समध्ये तो अक्षम झालेला असतो. तिथून चालू करा. तरीही नाही आला, तर स्टार्ट मेनूतल्या ब्लूमबर्गच्या यादीत एपीआय डायग्नोस्टिक्स नावाचं तपासणीचं साधन आहे. सगळ्या एक्सेल खिडक्या बंद करून ते चालवा आणि दुरुस्तीचं बटण दाबा. "रिक्वेस्टिंग डेटा" एवढंच दिसत बसलं तर थोडा धीर धरा, मोठ्या मागणीला वेळ लागतो. संदेशात "लिमिट" हा शब्द दिसला तर यंत्रात काही बिघाड नाही. तारीख वहीत लिहा आणि त्या विद्यार्थ्याला दुसरं यंत्र लगेच देऊ नका. आधी त्याची शीट बघा, नाहीतर दुसऱ्याचंही तेच होईल.

सूत्रं तीनच शिकवा. आजचा एक आकडा हवा तर बीडीपी, तारखांची मालिका हवी तर बीडीएच, यादी हवी तर बीडीएस. फील्डचं नेमकं नाव 'एफएलडीएस' पानावर शोधायचं, अंदाजाने लिहायचं नाही.

कराराच्या गोष्टी

टर्मिनल अभ्यास आणि संशोधनासाठी आहे. उन्हाळी इंटर्नशिपच्या दिवसांत मुलांना कंपनीतले साहेब सांगतात, "तुमच्या कॉलेजात ब्लूमबर्ग आहे ना, एवढा डेटा काढून आण." याला ठाम नाही म्हणा. मुलाची पंचाईत होऊ नये म्हणून मी ग्रंथालयाच्या लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र देते, की करारानुसार हा डेटा बाहेरच्या संस्थेला देता येत नाही. साहेब ते पत्र वाचून विषय सोडून देतात. एनीडेस्क किंवा तत्सम सॉफ्टवेअर टाकून वसतिगृहातून टर्मिनल चालवायची विनंती दर परीक्षेच्या हंगामात येते; त्यालाही परवानगी नाही. माजी विद्यार्थ्यांनाही नाही. प्रकल्प अहवालात तक्ता वापरला तर खाली स्रोत म्हणून ब्लूमबर्ग आणि डाऊनलोडची तारीख लिहायलाच हवी. कंपन्या जुने आकडे सुधारून पुन्हा जाहीर करतात, त्यामुळे तारखेशिवाय आकडा पडताळता येत नाही.

वापराची वही ठेवा: नाव, वर्ग, यंत्र, वेळ, विषय. विषयाचा रकाना कधीही रिकामा सोडू नका. कोणत्या प्राध्यापकांच्या विषयासाठी टर्मिनल वापरलं जातं, कोणत्या महिन्यात रांग लागते, कोणती यंत्रं रिकामी असतात, हे सगळं त्यातूनच निघतं. आणि करारपत्रातलं मुदतवाढीचं कलम शोधून वाचा. असे करार बहुधा आपोआप पुढे चालू राहतात आणि बदल हवा असेल तर नोटीस ठरावीक दिवस आधी द्यावी लागते. ती तारीख ग्रंथालयाच्या आणि लेखा विभागाच्या, दोन्ही कॅलेंडरवर लिहा. त्याच्या महिनाभर आधी वहीतल्या वापराचा गोषवारा संचालकांकडे पोचवा. यंत्रं वाढवायची की कमी करायची, याची चर्चा तेव्हाच व्हायला हवी.