केदारकंठाला जाताय? मग जॅकेटच्या आधी बनियनचा विचार करा

डिसेंबर-जानेवारीत उत्तराखंडातल्या केदारकंठाच्या ट्रेकला जायचं ठरलं की सगळे एकच विचारतात, जॅकेट किती जाड घेऊ? अहो, जॅकेटचं नंतर बघू, आधी अंगाला लागून काय घालणार ते सांगा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सवयीने थर्मलच्या आत सुती बनियन घातला होता, पायथ्याच्या सांकरी गावाहून जुडा का तालाबच्या मुक्कामापर्यंत चढताना भरपूर घाम आला पण तेव्हा काही वाटलं नाही, वर पोचून सॅक उतरवली आणि पाच मिनिटांत पाठ अशी गार पडली की दात वाजायला लागले, वरून दोन स्वेटर चढवले तरी हुडहुडी जाईना, शेवटी तंबूत जाऊन तो बनियन काढला तेव्हा कुठे बरं वाटलं. सूत घाम पिऊन बसतं, लवकर वाळत नाही, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं.

म्हणून पहिला थर पॉलिस्टरचा नाहीतर मेरिनो लोकरीचा. मेरिनो महाग आहे पण चार दिवस घातलं तरी फारसा वास येत नाही. बजेट कमी असेल तर कळसूबाईला घालता तोच ड्रायफिट टीशर्ट दिवसा चालायला पुरतो, थर्मल मात्र रात्रीसाठी आणि समिटसाठी, म्हणजे माथ्याच्या चढाईसाठी, कोरडं ठेवा, हे खरंच ऐका.

मधला थर फ्लीसचा, म्हणजे लोकरीसारख्या मऊ सिंथेटिक कापडाचा. एका जाड फ्लीसपेक्षा दोन पातळ घ्या, म्हणजे गरम झालं की एक काढता येतं. सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट, कारण समिटला पहाटे तीनच्या आसपास अंधारात निघतात आणि वरच्या धारेवर वारा सुटलेला असतो. दर हजार मीटरला साधारण सहा अंश तापमान उतरतं असं धरा, माथा साडेबारा हजार फुटांवर म्हणजे सांकरीपेक्षा जवळपास 1800 मीटर उंच, तेव्हा दहा-अकरा अंशांचा फरक तर नुसत्या उंचीनेच पडतो.

डाऊन जॅकेट घालून चढू नका. आतली पिसं घामाने ओली झाली की गोळा होतात आणि ऊब संपते. ते सॅकमध्ये अगदी वर ठेवा, थांबलात की लगेच सगळ्यांवरून चढवा, थंडी वाजायची वाट बघू नका. आणि निघताना थोडं गार वाटलंच पाहिजे, निघतानाच उबदार वाटत असेल तर पंधरा मिनिटांत घामाघूम होणार हे नक्की. ग्रुप पुढे जाईल म्हणून लाजू नका, लीडरला सांगून थांबा आणि एक थर उतरवा. थांबणं शक्यच नसेल तर निदान कानटोपी काढा आणि गळ्याशी चेन उघडा.

जीन्स अजिबात नको. पायमोजे दोन-दोन चढवले की बूट आवळतो आणि बोटं उलट जास्त गार पडतात, एकच जाड लोकरीचा जोड घाला, आणि एक कोरडा जोड फक्त झोपायला ठेवा. हातमोजे मात्र दोन हवेत, आत पातळ आणि वरून वॉटरप्रूफ, म्हणजे बुटाची नाडी बांधताना हात उघडा पडत नाही.

निघायच्या आठवडाभर आधी हे सगळं घरीच एकावर एक घालून बघा, सॅक पाठीला लावा, दोन्ही हात वर करा. कमरेशी कपडा वर सरकला किंवा काखेत ताणलं, तर वरचं जॅकेट एक साईज मोठं घ्या.