घरपट्टीचा आकडा म्हणजे घराची किंमत नव्हे : गोव्यातील नव्या घरमालकांनी या चुका टाळा

खरेदीखताची नोंदणी होते, किल्ल्या हातात येतात आणि काही महिन्यांनी पंचायतीकडून किंवा पालिकेकडून घरपट्टीची पहिली मागणी येते. त्या कागदावरचे मूल्य आपण मोजलेल्या पैशांच्या मानाने इतके कमी असते की, घर महाग पडले की काय, अशी शंका मनात येते. उलट काही जण शेजारच्या इमारतीतील फ्लॅट किती लाखांना गेला हे ऐकून आता आपली घरपट्टीही तितक्याच पटीने वाढणार, या चिंतेने हैराण होतात. दोन्ही समज चुकीचे आहेत.

एकाच घराला निदान चार आकडे चिकटलेले असतात. घरपट्टीसाठी धरलेले करयोग्य मूल्य, मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेले मूल्य, कर्ज देताना बँकेच्या मूल्यांकनकाराने लिहिलेली किंमत आणि राजीखुशीने व्यवहार करणारा गिऱ्हाईक प्रत्यक्षात देईल तो बाजारभाव. यांतला प्रत्येक आकडा वेगळ्या कामासाठी काढलेला असतो, आणि नव्या मालकाच्या बहुतेक चुका एका कामाचा आकडा दुसऱ्या कामाला लावल्यामुळे होतात.

घरपट्टीच्या कागदावरून घराची किंमत ठरवणे ही यांतली सर्वांत सर्रास आढळणारी चूक. गोव्यात पालिका क्षेत्रात १९६८ च्या पालिका कायद्यानुसार, पणजी महापालिकेच्या हद्दीत २००२ च्या स्वतंत्र कायद्यानुसार आणि गावांत १९९४ च्या पंचायत राज कायद्यानुसार घरपट्टी आकारली जाते. पालिकेच्या आकारणीमागे, ही मालमत्ता भाड्याने दिली तर वर्षाला रास्त भाडे किती येईल, हा विचार असतो. पंचायतीच्या आकारणीत बांधलेले क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर यांना महत्त्व असते. खिडकीतून समुद्र दिसतो, यासाठी गिऱ्हाईक जे जादा पैसे मोजतो ते या हिशेबात उतरतीलच असे नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर पेडणे तालुक्यातील जमिनींच्या भावांची चर्चा घरोघरी होऊ लागली, पण त्या चर्चेने कोणाची घरपट्टी आपोआप वाढत नाही. ती वाढते दर बदलल्यावर, फेरआकारणी झाल्यावर किंवा आपणच बांधकाम अथवा वापर बदलल्यावर.

वापराचा मुद्दा गोव्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. राहण्यासाठी म्हणून आकारणी झालेले घर पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने देऊ लागल्यास त्याची १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंद करावी लागते, आणि स्थानिक संस्था त्या घराकडे व्यावसायिक वापराच्या दृष्टीने पाहू शकते. खरेदीच्या वेळी भाड्याच्या उत्पन्नाचे गणित मांडणाऱ्यांनी त्यात घरपट्टी निवासी दराने धरलेली असते, आणि तिथेच ते गणित फसते.

दुसरी चूक आकारणीचा कागद न वाचताच पैसे भरण्याची. आमच्या नात्यातील एका कुटुंबाने फोंडा तालुक्यात फ्लॅट घेतला. त्यांच्या मागणीपत्रावर क्षेत्रफळ ११२ चौरस मीटर लिहिले होते. मी आणि घरची थोरली मुलगी टेप घेऊन खोलीखोलीतून फिरलो. भिंतींच्या आतली जागा ८६ चौरस मीटर भरली. भिंतींची जाडी आणि बाल्कनी धरूनही मेळ बसेना, तेव्हा मंजूर नकाशा उघडला आणि उलगडा झाला : बिल्डरने विक्रीसाठी सांगितलेले, जिना आणि मार्गिकेचा वाटा धरून फुगवलेले क्षेत्रफळच आकारणीत उतरले होते. नकाशाची प्रत, भोगवटा दाखला आणि खरेदीखतातील क्षेत्रफळाचे पान जोडून अर्ज केल्यावर पुन्हा मोजमाप झाले आणि नोंद दुरुस्त झाली. २०१६ च्या रेरा कायद्याने, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन कायद्याने, चटई क्षेत्राची (घराच्या आतील वापरण्याजोग्या जागेची) व्याख्या निश्चित केली असली, तरी घरपट्टीसाठी नेमके कोणते क्षेत्रफळ धरले आहे, हे कार्यालयात विचारूनच घ्यावे.

अशा अर्जात ‘घरपट्टी फार आहे, कमी करावी’ असे लिहून काही साधत नाही. क्षेत्रफळ, मजला, बांधकामाचे वर्ष, वापर किंवा मालकाचे नाव यांपैकी कोणती नोंद चुकली आहे आणि ती कोणत्या कागदाने चुकीची ठरते, एवढेच नेमकेपणाने मांडावे. हरकतीची मुदत नोटिशीतच दिलेली असते. ती उलटण्याआधी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. हरकत प्रलंबित आहे म्हणून भरणा थांबवणे धोक्याचे, कारण थकबाकी वाढत राहते. हरकत कायम ठेवून भरणा करीत असल्याचे पत्र जोडून पैसे भरावेत.

आता सर्वांत महाग पडणाऱ्या चुकीकडे वळू. ‘आम्हाला घर स्वस्तात मिळाले’ या आनंदात मुद्रांक शुल्कासाठीचे मूल्य पाहायचे राहून जाते. समजा, घर खरोखरच ६२ लाख रुपयांना ठरले, पण सरकारी मूल्य ७० लाख निघाले. मुद्रांक शुल्क जास्त आकड्यावर भरावे लागते, आणि गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. आयकराच्या नियमानुसार दोन्ही किमतींतील फरक व्यवहाराच्या रकमेच्या १० टक्के आणि ५० हजार रुपये यांपैकी मोठ्या आकड्यापेक्षा अधिक असेल, तर तो संपूर्ण फरक खरेदीदाराचे उत्पन्न धरला जातो. इथे मर्यादा ६ लाख २० हजारांची आणि फरक ८ लाखांचा, म्हणजे पूर्ण ८ लाखांवर कर. सरकारी मूल्य ६६ लाख असते, तर फरक मर्यादेत राहिला असता. सरकारी मूल्य अवाजवी वाटत असेल तर आयकर खात्याच्या मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. पण त्यासाठी घराचे दोष, वाटेची अडचण, जुने बांधकाम यांचे पुरावे हाताशी हवेत.

याच व्यवहारात ५० लाख किंवा त्याहून अधिक रक्कम असल्याने खरेदीदाराने १ टक्का कर कापून भरायचा असतो, आणि तो दोन मूल्यांपैकी जास्त मूल्यावर, म्हणजे ७० लाखांवर ७० हजार रुपये. विक्रेता अनिवासी असेल, आणि गोव्यात हे वारंवार घडते, तर हा १ टक्क्याचा नियम लागू होत नाही. कपात बरीच मोठी असते. इसार देण्यापूर्वीच विक्रेत्याचा रहिवास विचारून चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घ्यावा.

बँकेच्या मूल्यांकनाबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ते बँकेच्या जोखमीसाठी असते. ७५ लाखांहून अधिक गृहकर्जाला मूल्याच्या ७५ टक्क्यांची मर्यादा आहे. बँकेने मूल्य कमी धरले तर स्वतःचे पैसे तेवढे जास्त घालावे लागतात, ही तयारी आधीच ठेवावी.

बाजारभाव शोधताना जाहिरातीतील आकड्यांवर विसंबू नये. ती मागितलेली किंमत असते. त्याच परिसरात नोंदवलेल्या खरेदीखतांवरून अधिक विश्वासार्ह अंदाज येतो. त्यातही एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या सरकारी नोंदीत, मुंडकाराची (दुसऱ्याच्या जमिनीतील घरात राहणाऱ्या, कायद्याचे संरक्षण असलेल्या रहिवाशाची) नोंद असलेले, वारसांच्या वाटण्या न झालेले किंवा विक्रेत्याच्या पती अथवा पत्नीची संमती न मिळालेले घर शेजारच्या निर्वेध घराच्या भावाने तोलणे चुकीचे.

शेवटची चूक म्हणजे घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा समजणे. घर क्रमांक मिळाला आणि घरपट्टी भरली म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही आणि हक्कही सिद्ध होत नाही. तरीही घरपट्टी आपल्या नावावर करून घेणे आवश्यक आहे. त्यासाठी खरेदीखताची प्रत आणि मागील मालकाची थकबाकी नसल्याचा दाखला लागतो. तो दाखला पैशांचा अखेरचा हप्ता देण्यापूर्वीच विक्रेत्याकडून मागून घ्यावा, कारण नंतर तो मिळवण्यासाठी फेऱ्या आपल्यालाच माराव्या लागतात.