मुलाखतीची तयारी स्वतःच्या अर्जापासून करावी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी २७५ गुण व्यक्तिमत्त्व चाचणीचे असतात, आणि मंडळाचे बरेचसे प्रश्न उमेदवाराने स्वतः भरलेल्या सविस्तर अर्जातूनच निघतात. म्हणून चालू घडामोडींकडे वळण्याआधी त्या अर्जाची प्रत समोर ठेवून प्रत्येक नोंदीवर काय विचारले जाईल, हे लिहून काढावे. छंद म्हणून गडभ्रमंती लिहिली असेल, तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या बारा किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा एकमेव किल्ला तमिळनाडूतील जिंजी आहे, एवढी माहिती पुरत नाही; राजाराम महाराजांनी तिथूनच कारभार का चालवला आणि वारसा दर्जामुळे पायथ्याच्या गावांवर कोणती बंधने येऊ शकतात, इथपर्यंत विचार झालेला असावा. पाठांतर दोन उपप्रश्नांतच उघडे पडते, त्यामुळे न जोपासलेला छंद अर्जात लिहूच नये. उत्तर येत नसल्यास तसे नम्रपणे सांगावे, अंदाजाने ठोकून देऊ नये. मराठीतून मुलाखत देणाऱ्यांनी वाक्ये आखूड ठेवण्याचा सराव आवर्जून करावा, कारण त्यांचे म्हणणे मंडळापर्यंत दुभाष्यामार्फत पोहोचते आणि लांबलचक वाक्यातील नेमका मुद्दा त्यात हरवू शकतो.