घोणस अळी ओळखायची तर पोट बघा

२०२२च्या पावसाळ्यात बीडकडच्या उसात घोणस अळी निघाली आणि मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंनी गावोगावी धडकी भरली. नावच सापाचं! चावली की माणूस दगावतो, इथपर्यंत गोष्ट गेली. मुळात ती चावत नाही. तिचे पोकळ काटे कातडीत रुततात, मोडतात, आणि त्यातलं विष आत उतरतं.

कीड सर्वेक्षणाला नव्याने येणारी मुलं काटे दिसले की ‘घोणस’ लिहून मोकळी होतात. फसगत होते ती बांधावरच्या एरंडावर. तिथं अ‍ॅरिअ‍ॅड्नी फुलपाखराची अळीही काटेरीच असते, अगदी फांद्या फुटल्यासारखे काटे. पण ती निरुपद्रवी. रंगावर तर जाऊच नका, दोघींतही हिरवा सापडतो.

अळी ब्रशने काचपट्टीवर घ्या, ती चिकटून बसली की पट्टी उचलून खालून दहापट भिंगाने पोट बघा. फुलपाखराच्या अळीला छातीशी ३ जोड्या टोकदार पाय आणि मागे ५ जोड्या मांसल पाय मोजता येतात. घोणस अळीचे छातीचे पाय नावालाच, मागचे मांसल पाय नाहीतच. चिकट, सपाट तळवा तेवढा दिसतो. म्हणून ती पाऊल न उचलता गोगलगाईसारखी घसरत जाते. डोकं पुढच्या वळीखाली दडलेलं असतं. पतंगांचं हे कूळ लिमॅकोडिडी. शेवग्यावरच्या सुरवंटाचे केस खाज आणतात, पण त्याला पाय नीट असतात. त्याची नोंद वेगळी करा. इंटरनेटवर भेटणारी, रक्तस्राव घडवणारी लोनोमिया अळी दक्षिण अमेरिकेच्या जंगलातली. ती आपल्याकडे नाही.

सुती हातमोज्यावर विसंबू नका, काटा आरपार जातो, चिमटा वापरा. मेलेल्या अळीचा काटाही टोचतो. डंख झाला तर चोळू नका, काटे आणखी आत जातात. चिकटपट्टी लावून ओढा, दोन-तीनदा, दर वेळी नवी. मग साबण-पाणी, वर फडक्यात गुंडाळलेला बर्फ. काटा डोळ्यात गेला, चेहरा सुजला किंवा धाप लागली तर १०८ला फोन.

प्रजातीचं नाव नुसत्या अळीवरून देऊ नका. आधी वरून, बाजूने, पोटाकडून फोटो काढा, कारण नमुना अल्कोहोलमध्ये ठेवला की रंग उडतो. एक-दोन अळ्या त्याच झाडाच्या पाल्यासह बरणीत ठेवून तोंडाला मलमल बांधा, पाला रोज बदला. कोष बीसारखा टणक होतो. पतंग निघाल्यावर कोषाचं एक टोक डबीच्या झाकणासारखं गोल उघडलेलं दिसलं, तर कूळ बरोबर धरलंत.