घोड्याचा फॉर्म वाचताना या चुका टाळा

रेसकार्ड, म्हणजे रेसमधल्या घोड्यांची माहिती देणारी पत्रिका, हातात आली की बहुतेकांची नजर आधी मागच्या रेसमधल्या क्रमांकाकडे जाते. पहिला आला म्हणजे चांगला, सातवा आला म्हणजे बाद. हँडिकॅपिंग, म्हणजे कोण जिंकेल याचा अंदाज बांधणं, शिकताना मीही बरीच वर्षं असाच फॉर्म, म्हणजे घोड्याच्या मागच्या कामगिरीची नोंद, वाचला. क्रमांकावरून निकाल कळतो. तो तसा का लागला, हे कळायला ती रेस पुन्हा पाहावी लागते. बाकीच्या बहुतेक चुका हा कंटाळा केल्यामुळेच होतात.

सगळ्यांत महागात पडणारी चूक म्हणजे पेसकडे, रेसच्या सुरुवातीच्या वेगाकडे, दुर्लक्ष करणं. अमेरिकेतली २०२२ ची केंटकी डर्बी ही रेस घ्या. पहिले चार फर्लांग (एक फर्लांग म्हणजे सुमारे २०० मीटर) ४५.३६ सेकंदांत गेले. दहा फर्लांग पळायचे असताना हा वेग कुणालाच झेपणारा नव्हता. सुरुवातीला पुढे असलेला समर इज टुमॉरो विसावा, म्हणजे शेवटचा आला आणि पार मागे राहिलेला रिच स्ट्राइक एकास ऐंशीच्या भावानं, म्हणजे एका रुपयावर ऐंशी रुपये नफा देऊन, जिंकला. नंतर बेलमाँट स्टेक्स या रेसमध्ये पुढच्या घोड्यांनी असा जीवघेणा वेग लावलाच नाही. तिथे हाच रिच स्ट्राइक आठ घोड्यांत सहावा आला. मला तो वाईट घोडा वाटत नाही. मागून येणाऱ्याला पुढचे दमलेले लागतात, एवढंच.

म्हणून कार्डावर प्रत्येक घोड्यासमोर एक खूण करा: पुढे पळणारा, मागोमाग राहणारा की मागून येणारा. पुढे पळणारा एकटाच असेल, तर तो आपल्या सोयीनं दम राखून पळेल आणि त्याला गाठणं अवघड जाईल, मागच्या दोन रेसमध्ये तो पाचवा-सहावा आलेला असला तरी. तसे तिघं-चौघं असतील, तर ते एकमेकांना जाळतात. हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि ते केल्याशिवाय मी कोणत्याही रेसबद्दल मत देत नाही.

दुसरी चूक वळणांवरची. अर्धवर्तुळाकार वळणावर घोडा रेलिंगपासून एक मीटर जास्त बाहेरून पळाला, तर त्याला सुमारे ३.१४ मीटर जास्त पळावं लागतं. एक लेंग्थ, म्हणजे एका घोड्याची लांबी, साधारण अडीच मीटरची. तीन मीटर बाहेरून वळण घेऊन दोन लेंग्थनी हरलेला घोडा कागदावर हरलेला दिसतो. माझ्या वहीत त्याच्या नावाखाली रेघ असते.

वेळेच्या बाबतीत घोटाळा वेगळा होतो. एका ट्रॅकवरची वेळ दुसऱ्या ट्रॅकवरच्या वेळेशी, किंवा ओल्या दिवसाची कोरड्या दिवसाच्या वेळेशी लावून निष्कर्ष काढले जातात. तुलना करायचीच, तर त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर झालेल्या इतर रेसशी करा. सगळ्याच रेस जलद झाल्या असतील, तर ती किमया ट्रॅकची आहे.

खालच्या वर्गात उतरलेला घोडा पाहून लगेच खूश होऊ नका. क्लेमिंग रेसमधला घोडा जाहीर केलेल्या किमतीला विकत घेता येतो. नुकताच दिमाखात जिंकलेला घोडा मालकानं एकदम कमी किमतीच्या रेसमध्ये उतरवला, तर तो गमवायची त्याची तयारी का झाली, हे आधी विचारा. अनेकदा उत्तर घोड्याच्या दुखऱ्या पायात असतं.

घोड्याला पाठीवर वाहाव्या लागणाऱ्या वजनाचा बाऊ मात्र फार होतो. ब्रिटनमध्ये हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांचं वजन ठरवणारे अधिकारी, पाच फर्लांगांच्या रेसमध्ये एका लेंग्थच्या फरकामागे सुमारे तीन पौंड धरतात, मैलाला दोनच्या आसपास. एखाद्या पौंडासाठी मत बदलण्यात अर्थ नाही. शिवाय हँडिकॅप रेसमध्ये, जिथे चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, सर्वांत जास्त वजन मिळालेला घोडा हा अधिकृत हँडिकॅपरच्या मते सर्वांत चांगला असतो, हे विसरून लोक त्यालाच आधी काट मारतात.

आता भाव. फेव्हरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचे घोडे साधारण तीनांत एकदा जिंकतात, तरी डोळे मिटून त्यांच्यावर पैसे लावणारा शेवटी तोट्यातच जातो, कारण टोट, म्हणजे रेसकोर्सवरची पैज घेणारी यंत्रणा, पैजेच्या प्रत्येक पूलमधून (जमलेल्या एकूण पैशांतून) आपला हिस्सा आधी कापून घेते. घोडा बरोबर निवडला पण भाव चुकीचा घेतला, हीदेखील चूकच. एकास तीनचा भाव म्हणजे चारांत एकदा जिंकणं, २५ टक्के शक्यता. तुमच्या हिशेबानं घोड्याची शक्यता २० टक्केच असेल, तर तो कितीही आवडता असला तरी सोडून द्या.

प्रत्येक घोड्याच्या शक्यतेचे हे आकडे भाव पाहण्याआधी लिहा. आधी भावांचा फलक पाहिला की आपलं मत नकळत गर्दीच्या मागे जातं. लिहून झाल्यावर सगळ्या घोड्यांच्या टक्क्यांची बेरीज करा. पहिल्यांदा करणाऱ्याची ती हमखास १३०-१४० भरते, कारण प्रत्येक घोड्यात काहीतरी चांगलं दिसलेलं असतं. बेरीज शंभरावर येईपर्यंत कापत राहा. कुणाचे टक्के कापताना हात अडखळतो, तिकडे नीट लक्ष द्या आणि त्या घोड्याच्या मागच्या तीन रेस पुन्हा पाहा.