घरच्या कॉम्प्युटरची सुरक्षा: घाबरून आणि घाईत होणाऱ्या या चुका टाळा

आमच्या सोसायटीतल्या एका काकांचा मध्यंतरी घाबऱ्याघुबऱ्या फोन आला. रेल्वेचं वेळापत्रक शोधता शोधता अख्खी स्क्रीन लाल झाली होती, भोंगा वाजत होता आणि समोर मजकूर होता, 'कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, ताबडतोब या नंबरवर फोन करा.' "काही बंदच होत नाही रे, लावू का फोन?" म्हटलं, काका, अजिबात नको.

ते फक्त एक वेबपेज असतं, पूर्ण स्क्रीनभर पसरलेलं. एस्केप बटण थोडा वेळ दाबून धरा. तरी हटलं नाही तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि तिथून ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर 'आधीची पानं परत आणू का?' असं विचारलं, तर नाही म्हणा. त्या नंबरवर फोन केला, तर पलीकडचा माणूस एनीडेस्कसारखं अॅप टाकायला लावतो आणि कॉम्प्युटरचा ताबा घेतो. खरा धोका तिथून सुरू होतो.

असा ताबा देऊन झाला असेल, तर बहुतेक जण आधी अँटीव्हायरस स्कॅन लावून बसतात. तोवर पैसे जातात. पहिल्यांदा इंटरनेट तोडा, राउटरच बंद केलात तरी चालेल. मग फोनच्या मोबाइल डेटावरून ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड बदला. त्याच कॉम्प्युटरवर बदललात, तर नवा पासवर्डही चोराच्या हाती जाऊ शकतो. पैसे गेले असतील तर बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार करा. इथे एकेक मिनिट मोलाचं असतं, कारण पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी अडवता येऊ शकतात. स्कॅन त्यानंतर.

सध्या मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती 'मी रोबोट नाही' या खोट्या चाचणीची. चित्रं ओळखायला सांगण्याऐवजी ते पान म्हणतं, विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल-व्ही, मग एंटर. चाचणीच्या खुणेवर क्लिक करताच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप कॉपी करून ठेवलेली असते. या तीन पायऱ्यांत तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता आणि साठवलेले पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम आत येतो. खरी चाचणी असं कधीही करायला लावत नाही. मुलांना हे आवर्जून दाखवा.

क्रॅक केलेलं, म्हणजे पैसे न भरता वापरता यावं म्हणून कुलूप तोडलेलं सॉफ्टवेअर टाकताना 'आधी अँटीव्हायरस बंद करा' असं लिहिलेलं असतं. तिथेच थांबा.

कोपऱ्यात सतत 'व्हायरस सापडला' अशा सूचना येत असतील, तर घाईने दुसरा अँटीव्हायरस टाकू नका. दोन एकमेकांच्या आड येतात. बहुधा कुठल्यातरी साइटला नोटिफिकेशनची परवानगी दिली गेलेली असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढा.

अपडेट 'नंतर बघू' म्हणणं महागात पडतं. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचं मशीन अजून त्यावर असेल, तर विंडोज ११ चालतं का ते तपासा.

आणि बॅकअप. लग्नाचे, नातवंडांचे फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवलेत, पण ती डिस्क कायम जोडलेलीच असेल, तर फायलींना कुलूप घालणारा रॅन्समवेअर तिलाही सोडत नाही. काकांची डिस्क आता महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडली जाते. फोटो कॉपी झाले की दोन-चार उघडून बघायचे, डिस्क काढायची आणि परत कपाटात.