वाद्यवृंदासाठी अनुदान मागताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात एका वाद्यवृंदाची फाईल बघायला माझ्याकडे आली. तालमी आणि कार्यक्रम मिळून सगळ्या खर्चाला एकच व्हाउचर होतं : 'सर्व वादकांचे मानधन व तालमीचा खर्च, रु. ९६,००० रोख मिळाले.' खाली रेव्हेन्यू स्टॅम्पवर तबलजींची सही. सात जणांनी अडीच महिने बसून उभा केलेला कार्यक्रम मी स्वतः ऐकला होता, फार सुंदर झाला होता. त्या अडीच महिन्यांची कागदावरची खूण म्हणजे ही एक सही.

मी व्हायोलिन वाजवते आणि पंधराहून जास्त वर्षं एका लहान वृंदाची कार्यवाह आहे. ओळखीतल्या संस्थांचे अर्ज आणि हिशेबही बघून देते. संगीत कमी पडलं म्हणून पैसे अडल्याचं मी फार क्वचित पाहिलंय. तालीम कागदावर कुठेच दिसत नाही म्हणून ते अडतात, किंवा संस्थेची कागदपत्रं वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसतात म्हणून. या दोन गोष्टींवर सविस्तर लिहिते, बाकीच्या भराभर सांगते. बोलणं मुख्यतः केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कला संस्कृती विकास योजनेबद्दल आहे, कारण आपल्याकडचे बहुतेक लहान वृंद तिथेच अर्ज करतात.

योजना न वाचता अर्ज भरणं

या एका छत्राखाली बऱ्याच योजना आहेत. वृंदांच्या कामाच्या प्रामुख्याने दोन. पहिली गुरु-शिष्य परंपरेसाठीची, जिला सगळे अजूनही 'रेपर्टरी ग्रँट' म्हणतात. गुरूच्या हाताखाली नियमित शिकणाऱ्या आणि सादर करणाऱ्या गटाला ती मासिक मानधन देते : गुरूला महिना १५,००० रुपये, शिष्यांना वयानुसार २,००० ते १०,०००, एका गुरूमागे जास्तीत जास्त १८ शिष्य. दुसरी सांस्कृतिक कार्यक्रम आणि निर्मितीसाठीची. ती एखाद्या ठरावीक कार्यक्रमाला, महोत्सवाला किंवा नव्या निर्मितीला मिळते, साधारण मर्यादा ५ लाख, अपवादात्मक परिस्थितीत २० लाखांपर्यंत.

लोक 'अपवादात्मक' हा शब्द सोडून देतात आणि २० लाखांचं अंदाजपत्रक लावतात. पाच जणांच्या वृंदाचा दीड तासाचा कार्यक्रम, मागणी १८ लाख. अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञ समितीतल्या माणसाने स्वतः शंभर कार्यक्रम केलेले असतात. हॉल, ध्वनिव्यवस्था, प्रवास यांना काय लागतं हे त्याला तोंडपाठ असतं. लागतं तेवढंच मागा.

दुसरी गफलत म्हणजे दोन योजनांची सरमिसळ. एका कार्यक्रमासाठीच्या अर्जात वर्षभराची मासिक मानधनं टाकायची, किंवा रेपर्टरीच्या अर्जात महोत्सवाचा मंडप टाकायचा. मार्गदर्शक तत्त्वं मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत आणि ती वेळोवेळी बदलतात. ज्या वर्षी अर्ज करताय त्या वर्षीची प्रत छापून घ्या आणि हातात पेन घेऊन वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणारा गेल्या वर्षीचा सारांश वाचून अर्ज भरलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांचे परत आलेले अर्जही.

तालीम कागदावर नसणं

आधी शब्दाबद्दल. अर्जात तालमीला 'रियाज' लिहू नका. रियाज ज्याचा त्याचा, घरी, पहाटे. त्याचे पैसे कुणी मागत नाही आणि देतही नाही. तालीम म्हणजे सगळ्यांनी ठरलेल्या वेळी एकत्र बसून केलेलं काम. बासरीने कुठे थांबायचं, पखवाज कुठून उचलायचा, तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) कुणाच्या खुणेवर सुटायची, हे तिथे ठरतं. व्यावसायिक वादक तीन तास तालमीला येतो तेव्हा त्या तीन तासांची शिकवणी किंवा रेकॉर्डिंग तो सोडून आलेला असतो. हा कामाचा वेळ आहे आणि त्याचं मोल अंदाजपत्रकात दिसलंच पाहिजे.

प्रत्यक्षात काय होतं? 'तालीम खर्च : रु. २५,०००' अशी एक ओळ. कशाचे २५,०००? किती तालमी, किती जण, कुठे? वाचणाऱ्याला काहीच कळत नाही आणि कात्री लागते ती याच ओळीला. मी असं लिहिते : २० तालमी, प्रत्येकी ३ तास, ७ वादक, प्रत्येकाला तालमीमागे अमुक मानधन. खोलीचं भाडं वेगळं, वाद्यांची ने-आण वेगळी, शेवटची तालीम प्रत्यक्ष मंचावर ध्वनिव्यवस्थेसह असेल तर तीही वेगळी. ओळी वाढल्या तरी चालतील. फोडलेल्या आकड्याला कात्री लावताना समोरच्यालाही कारण द्यावं लागतं.

काही जण तालीम अंदाजपत्रकात दाखवतच नाहीत. 'आम्ही प्रेमाने करतो' असं अभिमानाने सांगतात. मला याचं फार वाईट वाटतं. तुम्ही फुकट केलेली तालीम पुढच्या प्रत्येक वृंदाला फुकट करावी लागते, कारण समितीसमोर तुमचं अंदाजपत्रक आदर्श म्हणून उभं राहतं.

आता हजेरीवहीची गोष्ट. मला माहीत असलेल्या एका संस्थेला कार्यक्रमानंतर सात-आठ महिन्यांनी पत्र आलं : तालमींचा तारखेनुसार तपशील आणि हजेरी पाठवा. वही नव्हती. वृंदातले दोघे तोवर दुसऱ्या शहरात गेले होते. कुणीतरी सुचवलं की एका रात्रीत वही बनवू. नवी वही आणली, पानं चहाच्या पाण्याने जुनी केली, तारखा घातल्या, सह्या गोळा केल्या. जे गावात नव्हते त्यांच्या सह्या दुसऱ्यांनी ठोकल्या. वही पाठवून दिली. तपासणाऱ्याने ती मूळ अर्जाशेजारी ठेवली. अर्जात कलाकारांचा परिचय होता, जोडीला त्यांच्या कार्यक्रमांच्या पत्रिका. ज्या रविवारी बासरीवादक सकाळी दहा ते एक तालमीला हजर होता, त्याच रविवारी सकाळी दुसऱ्या राज्यात त्याची मैफल होती. पत्रिका अर्जालाच जोडलेली!

अनुदानाचा दुसरा हप्ता हातचा गेला, पहिला परत करण्याची नोटीस आली, आणि त्या संस्थेने पुढे अर्ज करणंच सोडलं. खरं सांगायचं तर तालमी झाल्या होत्या. वीस नाही, पंचवीस झाल्या असतील. मी स्वतः दोनदा जाऊन बसले होते. झालेल्या तालमी खोट्या ठरल्या, कारण वही खोटी होती.

माझी सवय सांगते. पुठ्ठ्याची एक लांब वही, पानांना छापील क्रमांक असलेली. सुटे कागद नाहीत, एक्सेल नाही. पहिल्या तालमीच्या दिवशी पहिलं पान. वर तारीख, जागा, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. खाली नावं आणि सह्या, जाताना, येताना नाही, कारण येताना सही करून तासाभरात निघून जाणारे असतात. शेवटी एक ओळ, काय केलं त्याची : 'यमन, मधल्या भागाची लय ठरली, बासरीचा प्रवेश बदलला.' आमचे पेटीवाले काका पहिल्या वर्षी चिडायचे, म्हणायचे, हा काय कारखाना आहे का. आता तेच मागचं पान उघडून दाखवतात की लय अशी ठरली होती, तुम्ही विसरलात. एखादा आला नाही तर त्याच्या सहीच्या जागी रेघ मारते. वीसच्या वीस तालमींना सातही जण हजर दाखवणारी वही बघितली की मलाच शंका येते, तपासणाऱ्याला येणारच.

महिन्यातून एकदा तालमीत दोन फोटो. मांडी घालून, वाद्यं हातात, घामेजलेले चेहरे, तसेच. त्यासाठी नटूनथटून बसायची गरज नाही.

मानधन एकाच्या हातात, तेही रोख

सुरुवातीला सांगितलेलं व्हाउचर याच प्रकारातलं. प्रत्येक वादकाच्या नावाने स्वतंत्र व्हाउचर हवं, आणि पैसे संस्थेच्या खात्यातून त्याच्या खात्यात जायला हवेत. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर धर्मादाय संस्थेच्या प्राप्तिकराच्या हिशेबातही तो खर्च अडचणीत येतो. 'आमचे तबलजी सगळ्यांना वाटून देतात' ही पद्धत घरगुती मैफलीला ठीक आहे, सरकारी पैशाला नाही. टीडीएस कापायचा की नाही, हे पैसे देण्याआधी सीएला विचारा.

संस्थेची कागदपत्रं झोपलेली असणं

महाराष्ट्रात संस्था १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदली की ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही येते, म्हणजे धर्मादाय आयुक्तांकडे. कार्यकारिणी बदलली की कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची सूचना, तिथे दाखल करायचा असतो. सभेत निवड होते, इतिवृत्त लिहिलं जातं, पेढे वाटले जातात आणि चेंज रिपोर्ट राहतो.

हे आमच्याच वृंदाचं झालं, म्हणून पोटतिडकीने सांगते. आमचे संस्थापक अध्यक्ष वारले. नवे अध्यक्ष निवडले, खजिनदार बदलले, दोन वर्षांनी मी कार्यवाह झाले. तिन्ही बदलांचे ठराव व्यवस्थित होते, चेंज रिपोर्ट एकही नव्हता. बँकेने ठरावावर सह्या बदलून दिल्या, त्यामुळे आम्हाला वाटलं झालं. मग जानेवारीत अनुदान मंजुरीचं पत्र आलं. करारनामा भरून पाठवायचा होता, पदाधिकाऱ्यांच्या सह्यांसह. सोबत धर्मादाय कार्यालयाचा उतारा, म्हणजे तिथल्या नोंदवहीतल्या आमच्या संस्थेच्या नोंदीची प्रत, मागितला होता. मी उतारा काढला. त्यावर अध्यक्ष म्हणून नाव होतं सहा वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाचं, आणि माझं नाव कुठेच नव्हतं.

धावपळ करून तिन्ही चेंज रिपोर्ट भरले, सोबत विलंब माफीचे अर्ज. वकिलांनी आधीच सांगितलं होतं की तारखा पडतील, आणि पडल्या. ३१ मार्च उलटला, त्या आर्थिक वर्षाचे पैसे त्या वर्षाबरोबर गेले. मंजुरी हातात असताना. कार्यक्रम जाहीर झाला होता, तो आम्ही वर्गणी काढून केला. तालमींचं मानधन कुणालाच मिळालं नाही. आमच्यातला एक तरुण सरोदवादक तेव्हा याच पैशावर भाड्याचं गणित करून बसला होता. तो काही बोलला नाही, पण त्याच्यासमोर उभं राहणं मला जड गेलं.

तेव्हापासून दर एप्रिलमध्ये मी उतारा काढते आणि इतिवृत्ताच्या वहीशेजारी ठेवून नाव न् नाव ताडून पाहते. लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात गेला का, त्याची पोच आहे का, एनजीओ दर्पण या स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी पोर्टलवरची माहिती जुळते का, सरकारी पैसे ज्यातून येतात त्या पीएफएमएस प्रणालीवर तेच बँक खातं आहे का, हे त्याच दुपारी बघून घेते. पॅन कार्डावरचं संस्थेचं नाव आणि नोंदणी प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः एकच असू द्या. एकीकडे 'मंडळ' आणि दुसरीकडे 'मंडळ (रजि.)' एवढ्यावरूनही खातं अडकतं.

नव्याने वृंद काढलेली मुलं विचारतात, संस्था नोंदवली, आता या वर्षी अर्ज करू का? नोंदणीला तीन वर्षं झालेली असावीत अशी अट असते, आणि मला ती योग्य वाटते. ती तीन वर्षं छोट्या बैठका करा, ताळेबंद नीट ठेवा, तिकीट लावून पंचवीस माणसांसमोर वाजवा. तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल हीच पुढे तुमची ओळख असते.

बाकीच्या, थोडक्यात

कमिशनवर अर्ज लिहून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे एकच मजकूर असतो, त्यात फक्त संस्थेचं नाव बदलतं. समितीपुढे तोच मजकूर चार वेळा जातो. स्वतः लिहा, मोडकंतोडकं का असेना.

कलाकारांची संमतीपत्रं अर्जाच्या आधी घ्या. विचारल्याशिवाय मोठ्या गायकाचं नाव टाकणं ही फसवणूक आहे.

अनुदान हप्त्यांमध्ये आणि उशिरा येतं. ते तारखेला येईल असं धरून हॉलची आगाऊ रक्कम भरू नका. निदान पहिल्या हप्त्याइतके पैसे संस्थेकडे स्वतःचे असू द्या.

अनुदानाची रक्कम खात्यात पडून राहिली आणि त्यावर व्याज मिळालं, तर ते व्याज सरकारचं. हिशेबात वेगळं दाखवा आणि परत भरा.

शास्त्रीय किंवा लोककलेच्या सादरीकरणाला कलाकाराचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर जीएसटी माफ आहे. फ्यूजन करणाऱ्यांनी ही सवलत आपल्यालाही आहेच असं गृहीत धरू नये.

दुसऱ्याची रचना वाजवणार असाल तर हक्क बघा. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. 'जुनं गाणं आहे' हे उत्तर चालत नाही.

आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला, बाकी असताना नवा अर्ज करू नका. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतल्या १२-ए नमुन्यात ते द्यायचं असतं, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत. मी कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत सीएकडे बसते, कारण तोवर कोणती पावती कशाची हे सगळ्यांना आठवत असतं.

शंकेचं पत्र आलंच असेल तर

घाबरून फोन करत बसू नका, पत्रातला प्रत्येक मुद्दा क्रमांक घालून वेगळ्या कागदावर उतरवा. ज्या मुद्द्याचा कागद आहे, तो लगेच जोडा. ज्याचा नाही, तिथे नाही असं लिहा आणि त्याऐवजी जे खरोखर आहे ते द्या : तालमीच्या खोलीची भाडेपावती, त्या दिवसांतले ठरलेल्या वेळेचे मेसेज, वादकांचं आज सही केलेलं आणि आजचीच तारीख घातलेलं निवेदन. हजेरीवही नसताना एका संस्थेला मी असंच उत्तर लिहून दिलं होतं. तालमीच्या रकमेतली थोडी कापली गेली, बाकीची मिळाली. वर अनुक्रमणिका लावा, पानांना क्रमांक घाला, स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलनेही पाठवा. पोचपावती त्याच फाईलमध्ये टाचून ठेवा, कारण पुढचं पत्र याच उत्तराचा संदर्भ मागतं.